सावडीचा पाचवा नियम

अक्का, तुझ्या तेरवीला पंगतीत मीठ वाढायचं राहिलं.

पहिली पंगत अर्धी जेवली तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं की मिठाची वाटी फिरलीच नाही. चुलीपाशी बसलेल्या यमुनाबाईच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "कामून गं पोरीहो, शेवंता झाली का तुमची?" बोलल्यावर तिला कळलं की आपण कोणाच्या अंगणात बसलो आहोत. तिनं पदर तोंडाला लावला. मग तुझी मनीषाच हसली, आणि लेकच हसली म्हणून बाकीच्याही हसल्या.

तुला हे नवं नाही. दोन वर्षांपासून गावात तशी रीतच पडली आहे. कोणी काही विसरलं की त्याची शेवंता झाली. तू होतीस तोवर हे सगळ्यांत जास्त तूच म्हणायचीस. चहात साखर टाकायची राहिली की कप पुढं करून म्हणायचीस, "घ्या, शेवंता झाली." तू असं म्हणालीस की मी चुलीकडं बघायचे.

तेरवीला मनीषा हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "आई इसरभोळीच होती माझी." त्यावर मी जे बोलले ते शेवटी लिहिते. मला सरळ ओळीनं लिहिलं तरच लिहिता येतं. शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यालाही पुष्कळ वर्षं झाली. तुला तर वाचताच येत नव्हतं. त्यामुळं हे कागद कोणासाठी आहेत ते मला नीट सांगता येणार नाही. बोलायचं होतं तेव्हा बोलले नाही, म्हणून लिहिते, एवढंच.

आपली ओळख बांधावरची. तुझं वावर आणि आमचं वावर यांत एक बांध आणि एक लिंब. मी लग्न होऊन आष्टीत आले तेव्हा तू जुनी झाली होतीस, तुझी मनीषा चालत होती. मला माणसांत बोलायचं भ्याव वाटायचं, अजून वाटतं. सावडीच्या दिवसांत, म्हणजे पैसे न घेता एकमेकींच्या कामाला जायच्या दिवसांत, बाकीच्या बाया आपापल्या टोळीत शिरायच्या, आज हिच्या वावरात, उद्या तिच्या. मी आमच्या बांधावर उभी राहायचे. कोणी ये म्हटलं तर जायचं, नाहीतर माघारी. तू पहिल्या दिवशी लांबूनच ओरडलीस, "तिथं बुजगावण्यासारखी कामून उभी राह्यली? पाखरं भिऊन राह्यले." मी आले. त्यानंतर दरवर्षी तू बोलवायचीस आणि मी यायचे. तू मात्र मी बोलवायच्या आधीच येऊन बसलेली असायचीस. मला कावीळ झाली त्या साली मी पडून होते. उठून वावरात गेले तर निम्मा कापूस वेचून झाला होता, आणि तू लिंबाखाली भाकर खात होतीस. मी म्हणाले, "सांगायचं तरी." तू म्हणालीस, "काय सांगायचं? वावर दिसत न्हाई का मला?"

खेळ तिथंच निघाला, त्या लिंबाखाली. दुपारी भाकरीनंतर बायांना थोडं टेकायला मिळायचं. तुझ्या मालकाचा पत्त्यांचा एक जुना कॅट तू कमरेला खोचून आणायचीस. पण बाया पत्ते खेळतात म्हणून बोभाटा झाला, आणि यमुनाबाईच्या सासऱ्यानं बांधावर येऊन सगळ्यांना ऐकवलं. तू उठून उभी राहिलीस, डोक्यावर पदर घेतलास आणि "बराबर हाय मामा" म्हणालीस. ते गेल्यावर म्हणालीस, "राजा-राणी नको त्यांना. वावर चालंल का?"

आठ दिवसांनी तू लग्नपत्रिकांची पिशवी घेऊन आलीस. पेटीत साठवलेल्या सगळ्या. विळ्यानं त्याचे सारखे तुकडे केलेस आणि माझ्यापुढं टाकलेस. "कौसे, तुझा हात चांगला हाय. काढ. नांगर काढ, तिफण काढ, कोळपं, खुरपं, कापसाची बोंडं." मी काढलं. कोणाशी न बोलता करायचं काम होतं, मला ते आवडलं. रंग आणायला मी पहिल्यांदाच एकटी दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं कोणता देऊ, तर मी नुसतं बोट दाखवलं.

पहिला खेळ फसला. पानांच्या पाठीवर लग्नाची नावं तशीच होती. दोन दिवसांत सगळ्यांना पाठ झालं की नवरदेवाच्या मामांचं नाव असलेलं पान म्हणजे तिफण आणि अर्धा गणपती म्हणजे खुरपं. यमुनाबाई उलट्या पानांकडं बघूनच सांगायची कोणाकडं काय आहे. मग आपण कणकेच्या खळीनं पाठीवर कागद चिकटवला, तर मुंग्यांनी दोन खुरपी खाल्ली. तू म्हणालीस, "खऱ्या वावरात बी खुरपीच हरवतात." मी ती दोन पानं पुन्हा काढली.

खेळ साधा होता. चार जणी बसायच्या. प्रत्येकीपुढं एक वावर, त्यात पाच कामं. नांगरट, पेरणी, कोळपणी, खुरपणी, वेचणी. एका कामाला तीन सारखी पानं लागायची, आणि तीन सारखी पानं एकीच्या हातात सहसा यायचीच नाहीत. मग शेजारणीला म्हणायचं, सावडीला ये. ती आपल्या हातातलं पान द्यायची. पुढं तिचं काम अडलं की आपण द्यायचं. जिचं वावर आधी निघालं ती जिंकली. पण जिंकलेलीनं उठायचं नाही, बाकीच्यांची वावरं निघेपर्यंत पानं देत बसायचं. या शेवटच्या नियमावर यमुनाबाई चिडायची, कारण ती नेहमी जिंकायची आणि मग तिला बसून राहावं लागायचं.

हे असंच चाललं असतं. पण दिवाळीला मनीषा जालन्याहून आली आणि तिनं आपल्याला खेळताना बघितलं. तिनं फोनवर काहीतरी वाचलं होतं, की पत्त्यांचे नवे खेळ बनवणाऱ्यांची स्पर्धा आहे, आपल्या जिल्ह्यातलीच, आणि जो खेळ जिंकेल तो छापून शाळाशाळांत देणार, पेटीवर बनवणाऱ्याचं नाव घालणार. तू हे नाव घालायचं दोनदा विचारलंस. मनीषा घरात गेल्यावर मला हळूच म्हणालीस, "माझं नाव कसं दिसतं गं?" मी काडीनं मातीत लिहून दाखवलं, शेवंताबाई. तू पुष्कळ वेळ बघितलंस. मग बोट फिरवलंस त्यावरून, एकदा, आणि उठताना त्यावर पाय पडू नये म्हणून बाजूनं गेलीस.

फोटो पाठवले. चारच खेळ शेवटच्या फेरीला घेतले होते, त्यात आपला एक होता. आता नियम लिहून पाठवायचे होते, एका कागदावर.

तो दिवस मी दोन वर्षं रोज आठवते आहे. तुमची ओसरी. तू तूर निवडत होतीस आणि सांगत होतीस, मी वहीत लिहून घेत होते. तुझं डोकं इतकं साफ होतं की एकही नियम तू मागंपुढं केला नाहीस. चौथा झाला, अडलं की शेजारणीला पान मागावं. मग तू पाचवा सांगितलास. ज्याचं पान घेतलं, त्याचं काम आलं की आपलं द्यायचं. पुढं त्यात आणखी एक वाक्य होतं.

मी पेन थांबवला. म्हणाले, "हे बी लिहायचं?"

"मंग?"

"हे कोण लिहितं, अक्का? सावड परत करायची हे लिहिलं तर लोक म्हणतील, या गावात परत करत न्हाईत वाटतं, म्हणून लिहावं लागलं."

तू म्हणालीस, "ज्याला ठावं हाय त्याच्यासाठी न्हाई लिहून राह्यले. ज्याला ठावं न्हाई त्याच्यासाठी."

मी म्हणाले, लिहिलं की ती सावड राहत नाही, मजुरी होते. धाकानं दिलेलं पान काय कामाचं. त्या दिवशी मला कुठून बोलणं सुचत होतं कोणास ठाऊक. जन्मात कोणाशी इतकं भांडले नव्हते. तुला बहुतेक गंमत वाटत होती, कारण तू तूर बाजूला ठेवून माझ्याकडं बघत होतीस. शेवटी म्हणालीस, "तुला वाटतं समदे तुझ्यासारखेच हाईत. लिही मुकाट्यानं."

मी मान डोलावली आणि पेन टेकवला. तू सुपाकडं वळलीस आणि पुढचा नियम सांगू लागलीस. मी पाच आकडा घातला आणि त्यापुढं तो पुढचा नियम लिहिला.

तू वाचणारी असतीस तर मी हे केलं नसतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

सगळं झाल्यावर तू म्हणालीस, वाचून दाखव. मी वाचून दाखवलं, आणि वाचताना तो नियम तोंडानं मधे घालून वाचला. कागदावर नव्हता तरी.

तेवढं एकच खोटं मी तुझ्याशी वागले. भांडण हरले असते तर सांगून हरले असते, पण मला हरायचं नव्हतं.

शेवटची फेरी जालन्याच्या कॉलेजात होती, आपण आदल्या दिवशीच गेलो. मस्तगडाला मनीषाच्या घरी उतरलो. सकाळी तू माझी इरकल नेसलीस आणि मला तुझी नेसवलीस, कारण म्हणे तुझी हिरवी मला शोभते. वाटेत मी तुला तीनदा म्हणाले की मी बाहेरच थांबते. तिसऱ्यांदा तू माझा दंड धरलास आणि कॉलेजच्या जिन्यापर्यंत सोडला नाहीस.

हॉल मोठा होता. मधे एक टेबल, चार खुर्च्या. आणखी तीन खेळवाले होते. दोन कॉलेजची पोरं होती, त्यांचा काहीतरी ग्रहांचा खेळ. भोकरदनकडचे एक मास्तर अपूर्णांकांचे पत्ते घेऊन आले होते. आणि एक नवरा-बायको, किल्ल्यांचा खेळ बनवलेले. तू सगळ्यांना डब्यातले तिळाचे लाडू वाटलेस. परीक्षकांनाही द्यायला निघालीस तर तिथल्या पोरीनं अडवलं, परीक्षकांना काही देता येत नाही म्हणाली. तू म्हणालीस, "बरं मंग तूच खा, तुला तर चालंल ना." तिनं खाल्ला.

मग त्या पोरीनं शेवटच्या फेरीची पद्धत सांगितली. खेळणारे तिघे परीक्षक आणि चौथा एक स्पर्धावाल्यांचाच माणूस. त्यांना आपला खेळ माहीत नाही. ते कागद वाचतील आणि कागदावर लिहिलं आहे तसंच खेळतील. बनवणाऱ्यांनी मागं खुर्चीवर बसायचं, बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. खेळ झाल्यावर पाच मिनिटं बोलायला मिळतील. पेटीत घातलेला खेळ कुठल्या कुठं जातो, तिथं समजावून सांगायला बनवणारा नसतो, म्हणून असं, हेही तिनं सांगितलं.

तिचं बोलणं ऐकता ऐकताच मी मनात आपल्या कागदावरचे नियम मोजले.

आपला खेळ दुसरा होता. त्यांनी पानं छापून घेतली होती. माझी बोंडं, माझी तिफण, जाड गुळगुळीत कागदावर. तू माझ्या मांडीला कोपर मारलंस. परीक्षकांतल्या चष्मेवाल्या बाईंनी कागद हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचू लागल्या. एक. दोन. तीन. चार. पाच.

पाच म्हणजे तुझा सहावा होता.

तू माझ्याकडं वळून बघितलंस. एकदाच. मी खाली बघत होते, तरी मला कळलं. मग तू परत सरळ बसलीस आणि दोन्ही हात मांडीवर ठेवलेस. त्या पूर्ण वेळात मग तू हलली नाहीस.

खेळ सुरू झाला तेव्हा बरा चालला. उंच परीक्षक होते त्यांना खुरपणीला एक पान कमी पडलं. त्यांनी चष्मेवाल्या बाईंना मागितलं, बाईंनी दिलं. पुढच्या डावात पुन्हा मागितलं, पुन्हा दिलं. मग बाईंची वेचणी अडली. त्यांनी उंच परीक्षकांना मागितलं. त्यांच्या हातात बोंडाचं पान होतं, आपल्याला मागून दिसत होतं. ते हसून म्हणाले, "द्यायलाच पाहिजे असं कुठं लिहिलंय?" बाईंनी कागद उलटापालटा करून बघितला. लिहिलं नव्हतं. सगळे हसले, वाईट अर्थानं नाही, खेळात हसतात तसं. पण त्यानंतर कोणीच कोणाला पान दिलं नाही. चौघं पानं छातीशी धरून बसले. कोणाचंच वावर पुढं सरकेना.

तुला खोकला आला. पोरगी म्हणाली, "आजी, खुणा करू नका."

तू म्हणालीस, "खोकू बी नको का माय?"

थोड्या वेळानं घंटी वाजली. चारही वावरं अर्धवट पडली होती.

मग आपली पाच मिनिटं आली. बोलायचं तूच होतं, ते आधीच ठरलेलं. चष्मेवाल्या बाई म्हणाल्या की चित्रं फार सुंदर आहेत, कल्पना छान आहे, पण एक विचारायचं आहे. घेतलेलं पान परत करायचं की नाही हे कागदात कुठंच नाही. ते मुद्दाम सोडलंय का?

तू उभी राहिलीस. मला वाटलं आता सगळं बाहेर येणार. मी खुर्चीची कड धरली.

"न्हाई बाई," तू म्हणालीस. "सोडलं न्हाई. म्याच सांगायचं इसरले. ही लिहिणारी हाय, म्या सांगीन तेवढंच लिहिती. हिची काही चूक न्हाई."

माझी चूक कोणी विचारलीच नव्हती.

तू मग तो नियम तोंडी सांगितलास, नीट, दोन्ही वाक्यं. बाईंनी मान डोलावली. पण म्हणाल्या, "आजी, आता कळलं. तरी आम्हाला कागदावरचंच धरावं लागतं." तू म्हणालीस, "बराबर हाय." यमुनाबाईच्या सासऱ्यांना म्हणाली होतीस तसंच. अजून मिनिटं उरली होती. बाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, तुम्हाला काही सांगायचंय? मी मान हलवली. नाही.

तेव्हा मला विचारलं होतं, अक्का. हेही लिहून ठेवते. मी स्वतःला पुढं दोन वर्षं सांगत आले की मला कोणी विचारलं नाही, पण त्या बाईंनी विचारलं होतं.

मास्तरांचा अपूर्णांकांचा खेळ जिंकला. तू उठून त्यांच्यासोबत आलेल्या बायकोला हळदीकुंकवाला ये म्हणालीस, जशी ती आष्टीतच राहते. आपल्याला भाग घेतल्याचा एक कागद आणि छापलेल्या पानांची एक पेटी मिळाली. पेटी कोरी होती. नाव फक्त जिंकलेल्याच्या पेटीवर येणार होतं.

परतूरच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले आणि पेटी तुझ्या मांडीवर होती. मी सांगायचं ठरवलं. वाटूरला सांगू, मग परतूरला सांगू. तू म्हणालीस, "तुझं अक्षर त्या बाईला लई आवडलं दिसतंय. कुठं बी अडली न्हाई वाचताना." तू पेटीचं झाकण उघडून पानं बघत राहिलीस आणि मग डोळे मिटलेस.

आष्टीच्या स्टँडवर उतरलो तर यमुनाबाई भाजी घेत होती. तिनं विचारलं, काय झालं, आणि तू चार माणसांत सांगितलंस, "एक नियम सांगायचा इसरले की म्या. गेलं बक्षीस." बस. तिथून सुरू झालं. पहिल्या आठवड्यात यमुनाबाईची पिठाची चाळणी चक्कीवर राहिली, तर तीच म्हणाली, माझी शेवंता झाली. महिन्याभरात शाळेतली पोरं म्हणू लागली. तुला नाव पेटीवर पाहिजे होतं. ते गावाच्या तोंडात गेलं, आणि असं गेलं.

मी मनाशी एक गोष्ट जुळवून ठेवली होती. तुला खरंच वाटत असेल की तू विसरलीस. वय झालं होतं, घाई होती, चौदा नियम होते, एखादा राहू शकतो. या गोष्टीवर मी दोन वर्षं काढली. आपण पुन्हा त्या लिंबाखाली खेळलो, छापलेल्या पानांनी, आणि तू कधी तो विषय काढला नाहीस. तू मला वही आण म्हणाली नाहीस. तुझी नात सातवीत होती, तिच्याकडून कागद वाचून घेणं तुला अवघड नव्हतं. तू घेतला नाहीस. मला आता वाटतं, तुला त्याची गरजच नव्हती, काय लिहिलं नाही ते तुला माहीत होतं.

पण हे मला वाटतं. खरं काय ते तुझ्याबरोबर गेलं.

तू आजारी पडलीस तेव्हा दवाखान्यात मी एकदाच आले. दुपार होती. मनीषा खाली औषधं आणायला गेली होती. तू फार बारीक झाली होतीस, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मी म्हणाले, "अक्का, एक सांगायचं होतं."

तू विचारलंस, "वेचणी झाली का तुमची?"

मी म्हणाले, दोन वेचे झाले, तिसरा राहिला आहे. तू विचारलंस बोंडअळी किती आहे. मी सांगितलं. तू विचारलंस लिंबाची फांदी पडली होती ती कोणी उचलली. मी सांगितलं. मग मनीषा आली. तू मला बोलू दिलं नाहीस की मीच बोलले नाही, हे मी अजून ठरवू शकले नाही. मला वाटतं, पुन्हा सांगायला लागले असते तर तू ऐकलं असतंस.

तर तेरवी. मनीषा म्हणाली, आई इसरभोळीच होती. मी परातीपाशी होते. मी म्हणाले, "अक्का इसरली नव्हती." कोणाला ऐकू गेलं नाही. माझा आवाज तुला माहीत आहे. मी परात खाली ठेवली आणि पुन्हा म्हणाले. या खेपेला यमुनाबाईनं वर बघितलं.

"पाचवा नियम तिनं सांगितल्ता," मी म्हणाले. "म्या लिहिला न्हाई. मला पटला न्हाई म्हणून. अन् तिला वाचून दाखवताना लिहिल्यावानी वाचला."

बाहेर दुसऱ्या पंगतीची पत्रावळी मांडत होते, त्याचा आवाज येत होता. मग यमुनाबाईनं विचारलं, "अन् तिथं हॉलात? तवा कामून गप बसली?"

मी म्हणाले, "भ्याले."

"दोन वर्सं?"

"व्हय."

यमुनाबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मला वाटलं ती उठून जाईल. ती म्हणाली, "मंग आता मीठ राह्यलं तर काय म्हणायचं? कौसा झाली म्हणायचं का?"

मी म्हणाले, "म्हणा."

तिनं मिठाची वाटी माझ्या हातात दिली. "जाय मंग. वाढ." मी गेले. पुरुष माणसांच्या पंगतीत मी कधी वाढलं नव्हतं. शेवटपर्यंत वाढलं, मान वर करून, कारण मान खाली घातली की मीठ भाजीत पडत होतं.

तेरवीला आज चौथा दिवस आहे. काल किराणा दुकानात एक पोरगी पिशवी विसरली तर दुसरी म्हणाली, कौसा झाली तुझी. मी तिथंच उभी होते. त्यांना माहीत नव्हतं की मी कोण. ऐकून बरं वाटलं असं म्हणणार नाही. पण आता हे माझं आहे, तुझ्या अंगावरून उतरलं आहे.

मनीषा जाताना माझ्याकडं आली. ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नव्हती आणि मी ते धरून चालले होते. तिनं विचारलं, "मावशे, आईला ठावं होतं का?" मी म्हणाले, "म्या विचारलं न्हाई." ती उंबऱ्यावर टेकली. मग पिशवीतून छापलेल्या पानांची ती पेटी काढून माझ्यापुढं ठेवली. म्हणाली, "नियमाचा कागद नवा लिही. पोरी खेळतात माझ्याकडं, त्यांना रोज तोंडानं सांगावं लागतं. अन् आईचं नाव घाल वरी."

मी कोऱ्या पेटीवर आधी नाव लिहिलं. मातीत लिहिलं होतं तसंच, मोठं. शेवंताबाई. खाली काही नाही. माझं नाव घालू का असं मनीषानं विचारलं होतं, पण चित्रं आहेत तेवढी पुरे.

मग कागद घेतला. चार नियम उतरवले आणि पाचव्यापाशी आज सकाळपासून बसले आहे. आपलं भांडण संपलेलं नाही, अक्का. लिहून घेतलेली सावड ती सावड नव्हे, हे मला अजून वाटतं. पण तुझं म्हणणंही मला आता दिसतं. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी लिहायचं, आणि ज्याला ठाऊक असून जमत नाही त्याच्यासाठीही. त्या दिवशी ओसरीवर तू सांगत होतीस तेव्हा मला पहिल्या वाक्याचा राग आला आणि दुसरं मी ऐकून सोडून दिलं. हॉलमध्ये तू ते पुन्हा म्हणालीस, उभी राहून, तेव्हा मी खुर्चीची कड धरून बसले होते. माझं अडलं होतं, तेव्हा तू तुझं पान तिथं दिलंस. मी माझं द्यायचं म्हणून तू कधी हात पुढं केला नाहीस, आणि मी वाट बघत राहिले.

आता लिहिते. तू सांगितलंस त्याच शब्दांत, एक अक्षर इकडचं तिकडं न करता.

पाच. ज्याचं पान घेतलं, त्याचं काम आलं की आपलं द्यायचं. त्यानं मागायची वाट बघायची न्हाई.